शुगर ग्लायडरमधील रंगांची आनुवंशिकता

शुगर ग्लायडरच्या केसांचा, अंगावरील पट्ट्यांचा आणि डोळ्यांचा रंग पालकांकडून पिलांकडे ज्या नियमांनी येतो, त्यांना एकत्रितपणे शुगर ग्लायडरमधील रंगांची आनुवंशिकता असे म्हणतात. पाळीव शुगर ग्लायडरमध्ये मूळ करड्या रंगाखेरीज ल्युसिस्टिक, अल्बिनो, क्रिमिनो, प्लॅटिनम, मोझेक इत्यादी रंगप्रकार निवडक प्रजननातून टिकवले गेले आहेत. यांपैकी अनेक प्रकार अप्रभावी जनुकांमुळे दिसतात. त्यामुळे करडा दिसणारा प्राणी दुसऱ्या रंगाच्या जनुकाचा वाहक आहे किंवा नाही, हे त्याच्या रूपावरून ठरवता येत नाही; त्यासाठी वंशावळीची नोंद आणि संभाव्यतेचे गणित यांचा आधार घ्यावा लागतो. दुर्मीळ रंग मिळवण्यासाठी जवळच्या नात्यातील प्राण्यांची जोडी लावली जाण्याचा धोका असल्याने या विषयाला प्राण्यांच्या आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे.

## प्राण्याची ओळख

शुगर ग्लायडर (शास्त्रीय नाव: पेटॉरस ब्रेव्हिसेप्स) हा झाडांवर राहणारा, निशाचर, शिशुधान सस्तन प्राणी आहे. पुढच्या व मागच्या पायांमध्ये असलेल्या त्वचेच्या पडद्याच्या साहाय्याने तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. सह्याद्रीत आढळणाऱ्या उडणाऱ्या खारीशी त्याचे दिसण्यात साम्य असले, तरी दोघांचे जवळचे नाते नाही. उडणारी खार कृंतक गणातील असून शुगर ग्लायडर कांगारू व कोआला यांच्याप्रमाणे शिशुधान प्राण्यांत मोडतो. दोहोंतील साम्य हे समान जीवनपद्धतीमुळे स्वतंत्रपणे निर्माण झालेले आहे.

मादीचा गर्भावधी सुमारे १६ दिवसांचा असतो. जन्मतः पिलाचे वजन सुमारे ०.२ ग्रॅम असते आणि ते पुढील सुमारे ७० दिवस शिशुधानीत राहते. एका वेळी बहुधा एक किंवा दोन पिले होतात. रंगांच्या आनुवंशिकतेच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, कारण इतक्या लहान वेतात गुणोत्तरे प्रत्यक्ष दिसत नाहीत.

ऑस्ट्रेलियातील ज्या प्राण्यांना पूर्वी एकाच जातीत गणले जाई, त्यांची २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पेटॉरस ब्रेव्हिसेप्स, पेटॉरस नोटेटस आणि पेटॉरस एरियल अशा तीन जातींत विभागणी करण्यात आली. अमेरिकेतील पाळीव शुगर ग्लायडरचे मूळ मात्र ऑस्ट्रेलियात नसून इंडोनेशियाच्या ताब्यातील पश्चिम पापुआमध्ये असल्याचे २०१९ मधील जनुकीय अभ्यासातून दिसून आले.

## मूळ रंग आणि रंगद्रव्ये

रानटी शुगर ग्लायडरची पाठ करडी ते निळसर करडी असते. नाकापासून पाठीपर्यंत एक काळा पट्टा जातो. कानांजवळ गडद खुणा असतात, तर गळा, छाती व पोट मलईसारख्या फिकट रंगाचे असते. डोळे मोठे व काळे असतात. प्रजनक या रंगाला ‘स्टँडर्ड ग्रे’ म्हणजे ‘सामान्य करडा’ म्हणतात.

इतर सस्तन प्राण्यांप्रमाणेच हा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यापासून येतो. मेलॅनिनचे दोन मुख्य प्रकार आहेत. युमेलॅनिनमुळे काळ्या व तपकिरी, तर फिओमेलॅनिनमुळे पिवळसर व तांबूस छटा निर्माण होतात. रंग बदलण्याची कारणे स्थूलमानाने तीन प्रकारची असतात :

* रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी त्वचेपर्यंत न पोहोचणे;
* पेशी जागेवर असूनही त्यांत रंगद्रव्य तयार न होणे किंवा कमी होणे;
* दोन्ही रंगद्रव्यांचे प्रमाण किंवा केसातील त्यांची मांडणी बदलणे.

पांढरे केस असलेल्या दोन प्राण्यांतील फरक यातून स्पष्ट होतो. अल्बिनो प्राण्यात रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात, परंतु त्यांत मेलॅनिन तयार होत नाही. डोळ्यांतही ते नसल्याने आतील रक्तवाहिन्यांमुळे डोळे लाल दिसतात. सस्तन प्राण्यांतील ल्युसिझममध्ये बहुधा रंगपेशींचे स्थलांतर किंवा त्यांचे टिकून राहणे बिघडलेले असते. केसांना रंग देणाऱ्या पेशी गर्भावस्थेत चेताशिखेपासून निघून त्वचेपर्यंत प्रवास करतात, तर डोळ्याच्या दृष्टिपटलामागील रंगद्रव्याचा थर वेगळ्या ऊतीपासून जागच्या जागी तयार होतो. म्हणूनच ल्युसिस्टिक प्राण्याचे केस पांढरे, पण डोळे गडद असू शकतात.

## वारशाचे मूलभूत नियम

लिंगगुणसूत्रांवरील जनुके वगळता प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती प्राण्यात असतात. त्यांतील एक आईकडून व एक वडिलांकडून येते. एकाच जनुकाची वेगवेगळी रूपे असू शकतात. दोन्ही प्रती सारख्या असल्यास प्राणी त्या जनुकापुरता समयुग्मी, वेगळ्या असल्यास विषमयुग्मी म्हटला जातो. जे रूप एकाच प्रतीने लक्षण दाखवते ते प्रभावी आणि ज्याला लक्षण दाखवण्यासाठी दोन प्रती लागतात ते अप्रभावी होय. प्रभावी रूप अधिक आढळते किंवा अधिक निरोगी असते, असा याचा अर्थ नाही.

ल्युसिस्टिक रंग अप्रभावी मानला जातो. सामान्य प्रतीसाठी ‘र’ आणि ल्युसिस्टिक प्रतीसाठी ‘ल’ ही अक्षरे घेतल्यास ‘र र’ हा प्राणी करडा, ‘ल ल’ हा पांढरा, तर ‘र ल’ हा करडाच परंतु वाहक असतो. विषमयुग्मी या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे संक्षिप्त रूप म्हणून प्रजनक वाहकाला ‘हेट’ म्हणतात. पनेट चौकटीच्या साहाय्याने मिळणारी अपेक्षित प्रमाणे पुढीलप्रमाणे आहेत :

| पालकांची जोडी | ल्युसिस्टिक पिले | करडी वाहक पिले | करडी, वाहक नसलेली पिले |
|---|---|---|---|
| ल्युसिस्टिक × ल्युसिस्टिक | १००% | ०% | ०% |
| ल्युसिस्टिक × वाहक | ५०% | ५०% | ०% |
| ल्युसिस्टिक × वाहक नसलेला करडा | ०% | १००% | ०% |
| वाहक × वाहक | २५% | ५०% | २५% |
| वाहक × वाहक नसलेला करडा | ०% | ५०% | ५०% |

ही प्रमाणे प्रत्येक पिलाला स्वतंत्रपणे लागू होतात; आधीच्या पिलाचा रंग पुढच्या पिलाची शक्यता बदलत नाही. दोन वाहकांच्या जोडीला चार पिले झाल्यास त्यांत एक ल्युसिस्टिक असलेच पाहिजे, असा समज चुकीचा आहे. चारही पिले करडी असण्याची शक्यता ¾ × ¾ × ¾ × ¾, म्हणजे सुमारे ३२% असते.

## प्रमुख रंगप्रकार

पुढील वर्गीकरण मुख्यतः प्रजनकांच्या वंशावळींतील नोंदींवर आधारलेले आहे. रंगांची नावे व्यापारात रूढ झालेली असून ती प्राणिशास्त्रीय संज्ञा नाहीत.

ल्युसिस्टिक : केस पूर्ण पांढरे, पट्टा नाही, डोळे काळे. अप्रभावी.

अल्बिनो : केस पांढरे, डोळे लाल. अप्रभावी. सस्तन प्राण्यांतील विवर्णतेत दृष्टिपटल व दृष्टिचेता यांच्या विकासावर परिणाम होतो आणि तीव्र प्रकाश सहन होत नाही. त्यामुळे अशा प्राण्यांना मंद प्रकाशाची गरज असते.

क्रिमिनो : केस मलईच्या रंगाचे, पट्टा तांबूस तपकिरी, डोळे गडद माणकासारखे लाल. अप्रभावी. रंगद्रव्य पूर्ण नाहीसे न होता कमी झाल्यासारखे दिसत असल्याने हा प्रकार अल्बिनोपासून ओळखता येतो.

प्लॅटिनम : केस फिकट चंदेरी, पट्टा अस्पष्ट. अप्रभावी.

व्हाइट फेस : कानाखालील गडद खूण नसते, त्यामुळे चेहरा अधिक पांढरा दिसतो. प्रभावी.

मोझेक : अंगावर, पायांवर किंवा शेपटीवर रंगहीन भाग अनियमितपणे विखुरलेले असतात. प्रभावी.

ब्लॅक ब्यूटी : सामान्य करड्यापेक्षा गडद अंग, रुंद पट्टा व गडद चेहरा. ही छटा एकाच जनुकाने ठरते असे मानले जात नाही. गडद प्राण्यांची पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ती टिकवली जाते. त्यामुळे पनेट चौकटीतील प्रमाणे तिला लागू पडत नाहीत.

रंगाची प्रत्येक छटा आनुवंशिक असतेच असे नाही. नराच्या गंधग्रंथींतून पाझरणाऱ्या स्रावामुळे छातीवरील व पोटावरील केस पिवळसर किंवा तांबूस होतात. लघवीचे डाग आणि घरट्यातील कापडाचा उतरणारा रंग यांमुळेही फिकट केसांची छटा बदलते. अशा बदलाला नवा रंगप्रकार समजणे ही वर्गीकरणातील नेहमीची चूक आहे.

## मोझेक रंगाची वैशिष्ट्ये

मोझेक जनुक प्रभावी असल्याने त्याची एक प्रत असलेल्या पालकाची जोडी सामान्य करड्या प्राण्याशी लावल्यास प्रत्येक पिलू मोझेक असण्याची शक्यता ५०% असते. मात्र पांढऱ्या भागाचे प्रमाण पालकांवरून सांगता येत नाही. केवळ शेपटीचे टोक पांढरे असलेल्या प्राण्याचे पिलू जवळजवळ पूर्ण पांढरे असू शकते आणि उलटही घडते. गडद डोळ्यांचे पूर्ण पांढरे मोझेक पिलू रूपाने ल्युसिस्टिकसारखेच असते. मात्र त्याची पुढील पिढी वेगळी निघते. ज्याच्या वंशावळीची माहिती नाही अशा पांढऱ्या प्राण्याला केवळ पाहून ल्युसिस्टिक म्हणणे यामुळे धोक्याचे ठरते.

काही मोझेक वंशांमध्ये नर वंध्य असल्याचे प्रजनकांनी नोंदवले आहे. अशा वंशात रंग मादीकडूनच पुढे नेला जातो.

मोझेक ग्लायडरची तुलना अनेकदा तिरंगी मांजरीशी केली जाते, पण दोहोंची कारणे वेगळी आहेत. मांजरीतील नारिंगी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र यदृच्छया निष्क्रिय होते, असा सिद्धांत मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडला. तिरंगी मांजरीच्या अंगावरील काळे व नारिंगी ठिपके यामुळेच पडतात. शिशुधान प्राण्यांत मात्र प्रामुख्याने वडिलांकडून आलेले एक्स गुणसूत्र निष्क्रिय होते, हे १९७१ मध्ये कांगारूंवरील अभ्यासांतून पुढे आले. निवड यादृच्छिक नसल्याने मांजरीच्या पद्धतीचे ठिपके शिशुधान प्राण्यांत अपेक्षित नसतात. शिवाय मोझेक रंग नर व मादी दोघांतही दिसतो.

## वाहक असण्याची शक्यता

व्यापारात करड्या प्राण्याच्या नावापुढे ‘१००% हेट’, ‘६६% हेट’ किंवा ‘५०% हेट’ असे लिहिलेले आढळते. हे आकडे प्राण्याच्या अंगात किती जनुक आहे ते सांगत नाहीत. तो वाहक असण्याची शक्यता सांगतात.

* १००% हेट : पालकांपैकी एक स्वतः त्या अप्रभावी रंगाचा असल्यास करडे पिलू निश्चितपणे वाहक असते.
* ६६% हेट : दोन्ही पालक करडे वाहक असल्यास त्यांच्या करड्या पिलांपैकी सरासरी तीनातील दोन वाहक असतात.
* ५०% हेट : एकच पालक वाहक असल्यास प्रत्येक करडे पिलू वाहक असण्याची शक्यता निम्मी असते.

वाहक असण्याची शंका असलेल्या प्राण्याची जोडी त्या अप्रभावी रंगाच्या प्राण्याशी लावणे, याला परीक्षासंकर म्हणतात. अशा जोडीला अप्रभावी रंगाचे एक पिलू झाले, तरी प्राणी वाहक असल्याचे सिद्ध होते. उलट, करडी पिले कितीही झाली तरी तो वाहक नसल्याचे पूर्णपणे सिद्ध होत नाही. शक्यता फक्त कमी होत जाते. ‘६६% हेट’ प्राण्याच्या बाबतीत ती पुढीलप्रमाणे घटते :

| परीक्षासंकरातून सलग झालेली करडी पिले | प्राणी वाहक असण्याची शक्यता |
|---|---|
| ० | २/३ |
| १ | १/२ |
| २ | १/३ |
| ३ | १/५ |
| ४ | १/९ |
| ५ | १/१७ |

ही गणना पितृत्व निश्चित असेल तरच खरी ठरते. शुगर ग्लायडर समूहाने राहतात. एका पिंजऱ्यात एकाहून अधिक प्रजननक्षम नर असल्यास पिलाचा पिता कोण हे निरीक्षणाने सांगता येत नाही आणि पुढील सर्व पिढ्यांची टक्केवारी निरर्थक होते.

## दोन जनुकांचे संयोग

दोन वेगवेगळ्या अप्रभावी रंगांच्या प्राण्यांची जोडी लावल्यास सर्व पिले करडी होऊ शकतात. उदाहरणार्थ, ल्युसिस्टिक प्राण्यात क्रिमिनो जनुकाची सामान्य प्रत आणि क्रिमिनो प्राण्यात ल्युसिस्टिक जनुकाची सामान्य प्रत असते. पिलाला दोन्ही सामान्य प्रती मिळतात, म्हणून ते करडे दिसते, पण दोन्ही जनुकांचे वाहक असते. अशा दोन दुहेरी वाहकांच्या जोडीत, जनुके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वारशाने जात असल्यास, मेंडेलच्या दुसऱ्या नियमानुसार ९ : ३ : ३ : १ हे गुणोत्तर मिळते. म्हणजे १६ पिलांमागे सरासरी ९ करडी, ३ ल्युसिस्टिक, ३ क्रिमिनो आणि १ दोन्ही लक्षणे एकत्र असलेले पिलू अपेक्षित असते. या शेवटच्या प्रकाराला प्रजनक ‘रुबी ल्यू’ म्हणतात. त्याचे केस पांढरे व डोळे माणकासारखे लाल असतात.

दोन फिकट पालकांची पिले करडी होणे हा बदल भिन्न जनुकांत असल्याचा पुरावा असतो. पिले फिकटच राहिल्यास ते बदल एकाच जनुकाची वेगवेगळी रूपे असू शकतात. अशी एकाच जनुकाची अनेक रूपे सशांत परिचित आहेत. तेथे पूर्ण रंग, चिंचिला, हिमालयन व अल्बिनो हे प्रकार एकाच जनुकाच्या चार रूपांमुळे दिसतात.

## अंतःप्रजनन

दुर्मीळ रंगाचे प्राणी थोडे असतात आणि ते बहुधा एकाच कुटुंबातील असतात. अप्रभावी रंग लवकर मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे नात्यातील दोन वाहकांची जोडी लावणे. परंतु ज्या प्रक्रियेने रंगाच्या दोन अप्रभावी प्रती एकत्र येतात, त्याच प्रक्रियेने अपायकारक जनुकांच्या दोन प्रतीही एकत्र येतात. प्रजननक्षमता घटणे, पिले कमी जगणे आणि रोगप्रतिकारशक्ती दुर्बल होणे हे सस्तन प्राण्यांतील अंतःप्रजननाचे परिचित परिणाम आहेत.

याचे मापन अंतःप्रजनन गुणांकाने केले जाते. पिलाच्या एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीपासून आलेल्या असण्याची शक्यता हा गुणांक दर्शवतो. पूर्वज स्वतः अंतःप्रजनित नसल्यास तो पुढीलप्रमाणे असतो :

| पालकांचे परस्परनाते | पिलाचा गुणांक |
|---|---|
| सख्खी भावंडे, किंवा पालक व अपत्य | २५% |
| सावत्र भावंडे | १२.५% |
| काका व पुतणी | १२.५% |
| चुलत, मावस, आते किंवा मामे भावंडे | ६.२५% |

ल्युसिस्टिक नर आणि नात्यात नसलेली करडी मादी यांच्या मुलीची जोडी पुन्हा पित्याशी लावल्यास प्रत्येक पिलू ल्युसिस्टिक असण्याची शक्यता ५०%, परंतु अंतःप्रजनन गुणांक २५% असतो. तीच मुलगी नात्यात नसलेल्या दुसऱ्या वंशातील वाहक नराला दिल्यास ल्युसिस्टिक पिलाची शक्यता २५% वर येते, पण नोंदींनुसार गुणांक शून्य राहतो. रंग मिळण्याचा वेग निम्मा होणे, ही वंश निरोगी ठेवण्याची किंमत असते. मादीला एका वेळी एक-दोनच पिले होत असल्याने ही किंमत प्रजनकाला मोठी वाटते आणि जवळच्या नात्यातील जोड्यांकडे कल होतो.

वंशावळीवरून काढलेला शून्य गुणांकही अंतिम मानला जात नाही. एकच दुर्मीळ अप्रभावी प्रत दोन वेगळ्या समजल्या गेलेल्या वंशांत असणे, हेच त्यांचा दूरचा पूर्वज समान असल्याचे लक्षण असू शकते. वंशावळ जितकी अपुरी, तितका काढलेला गुणांक प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. यासाठी रंगाच्या वंशात अधूनमधून नात्यात नसलेल्या सामान्य करड्या प्राण्यांचे मिश्रण केले जाते. त्यामुळे करडा प्राणी हा रंगांच्या प्रजननातील दुय्यम घटक नसून वंशाला नवी जनुके पुरवणारा घटक ठरतो.

## वंशावळीची नोंद

उपयुक्त नोंदीत प्राण्याचे ओळखचिन्ह, शिशुधानीतून बाहेर आल्याची तारीख, दोन्ही पालक, लिंग, रंग, डोळ्यांचा रंग, वाहक असल्याचा आधार आणि मृत्यू किंवा आजार यांचा समावेश असतो. शिशुधान प्राण्यांत जन्माचा क्षण सहसा दिसत नाही, म्हणून वय शिशुधानीतून बाहेर आल्यापासून मोजण्याची पद्धत आहे. पिलू करडे निघाले, दगावले किंवा वंध्य ठरले, तरी त्याची नोंद ठेवणे आवश्यक असते. केवळ आकर्षक रंगाच्या पिलांचीच नोंद ठेवल्यास वाहकांची शक्यता चुकीची येते आणि वंशातील दोष झाकले जातात.

## कायदेशीर स्थिती

ऑस्ट्रेलियात शुगर ग्लायडर हा संरक्षित स्थानिक वन्यजीव असून तो पाळण्यासंबंधीचे नियम राज्यानुसार वेगळे आहेत. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत तो पाळता येतो. मात्र कॅलिफोर्निया, अलास्का आणि हवाई येथे त्यावर बंदी आहे. रंगप्रकारांवर आधारित प्रजनन व विक्री प्रामुख्याने अमेरिकेतील पाळीव वंशांमध्ये विकसित झाली.

## हे सुद्धा पहा

* मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम
* शिशुधान प्राणी
* मेलॅनिन
* अंतःप्रजनन
* उडणारी खार